मामीच्या कॅलेंडरवरची अमावास्या

हे आत्ताच्या आत्ता सांगितलंच पाहिजे, कारण जेवणाची सुट्टी संपायला अर्धा तास उरलाय आणि अंबडच्या आमच्या कंपनीत मराठी फॉन्ट चालतो असा हा एकच कॉम्प्युटर आहे. टायपिंगच्या चुका पोटात घाला. तर झालं असं, की आमच्या स्टोअर्समधली एक जण बाळंतपणाची रजा संपवून आज परत आली. पेढे वाटत वाटत माझ्या टेबलापाशी पोचली, आणि मी 'अभिनंदन' म्हणायच्याही आधी तिला विचारलं, "नॉर्मल की सिझर?" ती म्हणाली, सिझर. मी म्हटलं, "का केलं, काही सांगितलं का तुला?" अख्खं ऑफिस माझ्याकडे बघायला लागलं. लग्न न झालेली पोरगी, हातात पेढा, आणि हे प्रश्न. पण खरं सांगते, ते प्रश्न माझे नाहीतच. ते माझ्या मामीचे आहेत. गोवर लागावा तसे ते मला लहानपणी तिच्याकडून लागले.

मूल झालंय आणि माझ्या मामीने हा प्रश्न विचारलेला नाही अशी बाई नाशकात सापडणार नाही. सापडलीच तर ती दोन दिवसांपूर्वी बदली होऊन आलेली असेल. मामीला जागेचं, वेळेचं काही बंधन नाही. भाजीबाजारात विचारते, हळदीकुंकवाला विचारते, एकदा तर माझ्या चुलतभावाच्या लग्नात स्टेजवर आहेर द्यायच्या रांगेत उभी असताना पुढच्या बाईच्या खांद्यावर बाळ दिसलं म्हणून तिने विचारपूस सुरू केली. ती बाई बिचारी सांगत गेली, मामी ऐकत गेली, आणि रांग अशी तुंबली की नवरानवरीने मधल्या मधे बसून घेतलं. फोटोग्राफर म्हणाला, "काकू, सरका ना." मामी म्हणाली, "थांब रे, आत्ता कुठे ती कळा कधी थांबल्या त्याच्यावर आलीय." त्या लग्नाच्या अल्बममधे नवरानवरीपेक्षा मामीची पाठ जास्त फोटोंत आहे.

आता कोणाला वाटेल ही डॉक्टर असेल, निदान नर्स तरी. तर नाही. मामी नाशिकच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात रेकॉर्ड सेक्शनला होती. मी पहिलीत होते तेव्हा लागली तिथे. केसपेपर लावायचे, रजिस्टर भरायचं, आणि महिन्याच्या शेवटी किती बाळंतपणं झाली, त्यात किती सिझर, एवढा आकडा ऑफिसात पाठवायचा. तिच्या आधी जे काका होते ते हे काम चहा गार व्हायच्या आत उरकायचे. मामीला त्याला अख्खा महिना लागायचा. कारण मामीचं म्हणणं, आकडा म्हणजे नुसती बातमी, आणि बातमी आली की मागची भानगड विचारायला नको का?

म्हणून टिकल्या. मामीच्या टेबलामागे भिंतीवर एक भलंमोठं कॅलेंडर होतं आणि त्याच्यावर ती टिकल्या लावायची. नॉर्मलला हिरवी, सिझरला लाल. त्यातही मोठी लाल म्हणजे पहिलटकरीण, बारीक लाल म्हणजे आधीचं सिझर झालेली, आणि लांबट, गंधासारखी लाल म्हणजे मूल पायाळू. टिकलीच्या दुकानदाराला इतकी वर्षं वाटत होतं की हिचं खेड्यात कुठेतरी स्टेशनरीचं दुकान आहे. स्वतः मामी मात्र कपाळाला साधं कुंकू लावायची, कारण टिकल्या 'ऑफिसच्या'. एकदा घाईत लावून आली आमच्याकडे. आई म्हणाली, "वहिनी, आज टिकली? छान दिसतेय." मामीने कपाळाला हात लावला, टिकली काढून निरखली आणि पर्समधल्या डायरीला चिकटवत म्हणाली, "अगं बाई, ही आठ नंबरच्या कॉटवरची. तरीच सकाळपासून एक कमी येत होती."

आणि रजिस्टरात सगळ्यात उजवीकडे एक रकाना होता, 'कारण' नावाचा. तिच्या आयुष्यातला सगळ्यात आवडता रकाना. डॉक्टर लोक त्यात घाईघाईत 'इतर' लिहून मोकळे व्हायचे. मामी ते रजिस्टर काखेत मारून ओपीडीच्या दारात जाऊन उभी राहायची. "डॉक्टर, इतर म्हणजे काय?" "मॅडम, इतर म्हणजे इतर." "पोट त्या बाईचं कापलं ना? मग इतर कसं?" डॉक्टर हसत, वैतागत, शेवटी लिहून देत. ह्याच्यावर तिचं भागायचं नाही. दुसऱ्या दिवशी वॉर्डात जाऊन त्या बाईला विचारायची, "तुला काय सांगितलं होतं गं? का केलं सिझर?" रजिस्टरात एक आणि बाईच्या तोंडी दुसरं निघालं, की परत ओपीडीचं दार. ही सवय घरीही आली. मामाला कंपनीतून यायला उशीर झाला की ती दारातच, "कारण?" मामा म्हणायचा, "असंच गं." "असंच असा रकाना नाहीये." माझा मामा हा जगातला सगळ्यात तपशीलवार उशीर करणारा माणूस झाला. चुंचाळ्याच्या फाटकाशी टेंपो आडवा, टेंपोत कांदे, ड्रायव्हर पानटपरीवर, असं सगळं तो बूट काढता काढता सांगून टाकायचा.

एका रविवारी मामीने मामाला सांगितलं, चला, हरसूलला बाजार बघायला जाऊ. मामा बिचारा खूश, नवा हाफ स्वेटर वगैरे घालून निघाला. त्याला काय माहीत की हिला बाजार बघायचा नव्हता. हॉस्पिटलात हरसूलच्या बाजूच्या बायका यायच्या त्या फार उशिरा यायच्या, दमून, बाळ अडकलेलं, आणि मग सिझरशिवाय इलाज नसायचा. त्या उशिरा का येतात हे मामीला कोणीच सांगत नव्हतं. तर बाजारात नागली विकायला बसलेल्या एका म्हातारीशेजारी हिने बैठक मारली आणि सुरुवात नेहमीचीच. "आजी, तुमच्या वेळेला नॉर्मल की सिझर?" म्हातारी म्हणाली, "कसलं शिझर? भाताची आवणी चालली व्हती. बांधावरच झाला त्यो." मग म्हातारीनेच विषय सुनेवर आणला. "सुनंला मातर नाशकाला नेली. जीपमदी बसवली, पर ड्रायवर म्हने, आजून चार शीट येऊं दे, मंग निघू. ती कळा देत बसली, आन् आम्ही शीट मोजत बसलो." मामी तिथून उठली ती थेट एसटीत. नागली घेतली का, तर नाही. मामाने घेतलेली भजीसुद्धा गाडीत गार झाली.

पुढच्या महिन्यात ट्रस्टची मीटिंग झाली. अध्यक्ष म्हणाले, आपल्याकडे सिझर फार, पलीकडच्या हॉस्पिटलात बघा किती कमी, लोक काय म्हणतील. मामीला त्या मीटिंगला खरं तर नुसता कागद द्यायला बोलावलं होतं. ती कागद देऊन उभीच राहिली. म्हणाली, "साहेब, वांगी आणि पेढे एकाच पिशवीत घालून वजन केलं तर वजन येईल, पण कशाचं? पलीकडे पायाळू मूल आलं की ते रिक्षात घालून आपल्याकडे पाठवतात. त्यांची भिंत स्वच्छ, आपली लाल. आणि हरसूलच्या बाईचं सिझर आपण करतो, पण ते ओढवलं जीपने." अध्यक्षांनी विचारलं, "जीपने म्हणजे?" मग मामीने चार शीटची गोष्ट सांगितली. म्हणतात की त्यानंतर खोलीत कोणी बिस्किटाला हात लावला नाही. हॉस्पिटलाची एक जुनी गाडी धूळ खात पडली होती. ती दुरुस्त होऊन त्या रस्त्याला जायला लागली. मामीने ह्याबद्दल कधी बढाई मारली नाही. मारली असती, पण तेवढ्यात तिला अमावास्या सापडली.

ती सापडली टिकल्यांमुळेच. एक दिवस डबा खाताना तिने कॅलेंडरकडे लांबून पाहिलं. आपल्या कॅलेंडरवर अमावास्येला काळा गोळा असतो ना, तर प्रत्येक महिन्यात त्या काळ्या गोळ्याच्या चौकोनात फक्त हिरव्या टिकल्या. लाल शोधून सापडेना. आणि आदल्या दिवशीचा चौकोन लालेलाल, टिकल्यांवर टिकल्या. मामीने मागच्या वर्षांची कॅलेंडरं काढली. तिथेही तेच. ती तशीच, हाताला लोणचं लागलेलं, मोठ्या मॅडमकडे गेली. मोठ्या मॅडम म्हणजे तिथल्या मुख्य डॉक्टर, शांत बाई. त्या म्हणाल्या, "लोकच मागतात हो. अमावास्येचं मूल नको म्हणतात. तारीख जवळ आलेलीच असते, मग मीही करून टाकते." मामी म्हणाली, "मग कारणात तसं लिहा ना. अमावास्या." मॅडम हसल्या. पण दुसऱ्या दिवसापासून त्या खरंच लिहायला लागल्या, 'नातेवाईकांची मागणी', आणि मामीने पिवळ्या टिकलीचं पाकीट आणलं. गंमत म्हणजे लिहावं लागतंय म्हटल्यावर मॅडमच आधी नातेवाइकांना दोन प्रश्न विचारायला लागल्या, आणि पिवळ्या टिकल्यांचं ते पहिलं पाकीट काही लवकर संपेना.

इथपर्यंत सगळी मजा होती. मग माझ्या ताईला दिवस गेले.

पहिलं बाळंतपण, म्हणून ती आमच्याकडे इंदिरानगरला आली. मॅडमनी तारीख दिली ती नेमकी सर्वपित्री अमावास्येच्या पुढेमागे. सर्वपित्री म्हणजे अमावास्यांमधली अमावास्या. ताईच्या सासूबाई पंचवटीहून रिक्षा करून आल्या, पाण्याचा पेलाही हातात घेतला नाही आणि म्हणाल्या, "आदल्या दिवशी सिझर करून घेऊ. त्यात काय एवढं? सगळेच करतात." माझी आईसुद्धा त्यांच्याच बाजूची. तिने मामीला बोलावून घेतलं. "वहिनी, तुमच्या ओळखीने मॅडमना सांगून टाका."

मामी म्हणाली, "वन्सं, मी सांगीन. पिवळी टिकली लावायचीही माझी तयारी आहे. पण पोट ताईचं आहे, तिला विचारा."

"तिला काय विचारायचं? तिला काय कळतंय?"

"तेच विचारू या, काय कळतंय ते."

मग मामी ताईला घेऊन मॅडमकडे गेली, मीही गेले. मॅडमनी तपासलं. बाळाचं डोकं खाली, ठोके छान, ताईचं बीपी छान. मामीने विचारलं, "मॅडम, आज सिझर करायला काही कारण?" मॅडम म्हणाल्या, "आज तर काही नाही." ताईने मामीकडे पाहिलं. "मामी, तू काय म्हणतेस?" आता हे लक्षात घ्या, मामी कधीच कोणाला कर किंवा करू नको म्हणायची नाही. ती फक्त विचारायची. पण त्या दिवशी ती म्हणाली, "मी असते तर थांबले असते." ताई म्हणाली, "मग मी थांबते." घरी आल्यावर सासूबाई मामीला म्हणाल्या, "उद्या काही कमीजास्त झालं तर जबाबदार कोण?" मामी म्हणाली, "मी." इतक्या सहज म्हणाली की मला तेव्हा त्यात काही वाटलंच नाही.

आदला दिवस गेला. काही नाही. सासूबाईंनी तो दिवस आमच्या हॉलमधल्या खुर्चीत घड्याळाकडे बघत काढला. आणि अमावास्येच्या सकाळी, घरात पितरांच्या वाडीचा स्वयंपाक चाललेला, खीर उतू जातेय, वडे तळणीत, आणि ताईला कळा सुरू झाल्या.

लेबर रूमच्या बाहेर आम्ही सगळे बाकावर. मामी रेकॉर्डची, तिलाही आत प्रवेश नाही. तिने रजा टाकली नव्हती, पण टेबलावर गेलीच नाही. मधून मधून सिस्टर बाहेर येऊन सांगायच्या, सगळं ठीक आहे, वेळ लागेल. दुपारी तीनच्या सुमाराला त्या आल्या आणि काही न सांगता मॅडमना बोलवायला गेल्या. मामी उठून उभी राहिली. ती सिस्टरांना वर्षानुवर्षं ओळखत होती ना. मॅडम आत गेल्या, बाहेर आल्या. "कळ आली की बाळाचे ठोके खाली जातायत आणि वर यायला वेळ घेतायत. सिझर करावं लागेल. आत्ता."

सासूबाई म्हणाल्या, "किती वेळ थांबता येईल? पाच सत्तावन्नला अमावास्या संपते."

हसू नका. म्हणजे आता मीही हसते, पण तेव्हा त्या रडत होत्या. भावोजी आईकडे बघतायत, आई देवाचं नाव घेतेय, सही कोणीच करत नाहीये. आणि आमची मामी, जिला सगळं हॉस्पिटल 'सिझर म्हटलं की भांडणारी बाई' म्हणून ओळखायचं, तिने सिस्टरच्या हातातला फॉर्म घेतला, भावोजींच्या मांडीवर ठेवला, स्वतःचं पेन त्यांच्या बोटांत दिलं आणि म्हणाली, "जावईबापू, सही करा. कारण आहे."

भावोजींनी सही केली. मग जो वेळ गेला तो मी मोजला नाही. मामी भिंतीला टेकून उभी होती आणि तिचे ओठ हलत होते, मला वाटलं रामरक्षा, जवळ गेले तर ती नुसतीच म्हणत होती, "रड बाळा, रड बाळा, रड." मुलगी झाली. आधी रडली नाही. मग रडली. मामा, जो सकाळपासून डब्याची पिशवी मांडीवर धरून बसला होता, तो म्हणाला, "आवाज तुझ्यावर गेलाय," आणि मामी मटकन खाली फरशीवर बसली.

आता सासूबाईंचं ऐका. दोन महिन्यांत त्या सगळ्या नातेवाइकांना सांगायला लागल्या की आमची नात घटस्थापनेच्या पहाटे झाली, साक्षात देवी. एकदा मामीला बाजूला घेऊन गोड आवाजात म्हणाल्या, "तेवढं रजिस्टरात एक दिवस पुढे ढकलता येईल का हो?" मला वाटलं, आता जुंपणार, कारण मामी एका 'इतर'साठी डॉक्टरांना सोडायची नाही. मामी म्हणाली, "रजिस्टरात नाही ढकलता येणार. पण मी ते कोणाला दाखवत नाही. तुम्ही खुशाल घटस्थापना सांगा." त्या दिवसापासून दोघींचं मेतकूट जमलंय.

पण मला सांगायचं होतं ते हे नाहीच. मला सांगायचंय दुसऱ्या दिवशीचं. मामी रजिस्टर घेऊन वॉर्डात आली, जशी सगळ्यांकडे जायची तशीच, ओळीने एकेका कॉटपाशी थांबत ताईपाशी आली. "तुला काय सांगितलं होतं? का केलं सिझर?" ताईने शहाण्या मुलीसारखं सांगितलं, ठोके कमी होत होते म्हणून. मामीने लिहून घेतलं. आणि मग ताईने, काही मनात न ठेवता, बाळाच्या कुंच्याची नाडी बांधता बांधता विचारलं, "मामी, आदल्या दिवशीच केलं असतं, तर तिला हे सगळं झालंच नसतं ना?"

मामीने रजिस्टर मिटलं. तिने चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला, परत काढला. म्हणाली, "माहीत नाही बाळा. त्या दिवशी कारण नव्हतं. काल होतं. मधलं मला माहीत नाही." आणि पुढच्या कॉटकडे गेली, पण तिथे तिने त्या बाईला काही विचारलं नाही, नुसती तिच्या पायांवर चादर ओढून दिली.

ताई तो प्रश्न केव्हाच विसरली. पोरगी आता शिशुवर्गात आहे, धडधाकट, एवढी चुरूचुरू बोलते की तिला गप्प करायला चॉकलेट लागतं. मामी गेल्या वर्षी रिटायर झाली. तिच्या जागी कॉम्प्युटर आलाय, महिना संपला की आकडा आपोआप छापून येतो. मी बघितलाय तो कागद, सुबक असतो. मामी आता घरीच असते. ताई पोरीला घेऊन आली की मामी हातातलं काम टाकून बाल्कनीत जाऊन बसते आणि खाली खेळणाऱ्या पोरीकडे बघत राहते. परवा मी शेजारी बसले होते. पोरगी सायकलवरून पडली, उठली, परत बसली. मामी माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "मी तेव्हा बरोबर सांगितलं होतं ना गं?" मी म्हटलं, "हो मामी, काय हे?" तिने मान हलवली. पण मला माहितीये, पुढच्या वेळेला ती पुन्हा विचारणार आहे.

सुट्टी संपली, साहेब येतायत. तेवढं सांगा मला, तुमच्याकडे झालंय का हो असं? घरातल्या कोणीतरी तुमच्यासाठी एक निर्णय अंगावर घेतला, सगळं नीट पार पडलं, तुम्ही विसरूनही गेलात, आणि ते माणूस मात्र अजून तिथेच, त्या आदल्या दिवशीच, बसलेलं आहे?